कागदावर काय लिहिलंत?

आमच्या दातांच्या दवाखान्यात उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावणाऱ्या मावशी कामाशिवाय फारसे बोलत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, ट्रे धुता धुता त्या आपणहून बोलल्या तेव्हा मी हातातले काम थांबवले. "मॅडम, पडलेल्या माणसाचे हात फुटतात. हिचे हात बघितलेत का?" ते मीही पाहिले होते. नुकतीच गेलेली ती तिशीच्या आतली बाई बाथरूममध्ये पाय घसरून पडली, असे तिच्या नवऱ्याने दारातूनच सांगितले होते. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिचे तळवे स्वच्छ होते, कोपरांना खरचटलेले नव्हते, हनुवटीवर ओरखडासुद्धा नव्हता. समोरचा वरचा एक दात मात्र अर्ध्यावर तुटून आतली नस उघडी पडली होती. शेजारचा दात टाळूकडे झुकला होता आणि आरशाच्या दांडीने त्यावर हलकेच वाजवले की धातूवर वाजल्यासारखा उंच आवाज येत होता. मूळ हाडात रुतून बसल्याची ती खूण असते. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला तिच्याच दातांच्या कडांनी पडलेली चीर होती. बाहेरून ओठ फक्त सुजलेला दिसत होता.

शुद्धीवर असलेला माणूस तोल जाऊन पडतो तेव्हा हात आपोआप पुढे जातात. जमीन आधी तळव्यांना लागते, मग कोपराला, गुडघ्याला, हनुवटीला, नाकाच्या शेंड्याला. हातांना काहीही न होता ओठ आतून फाटतो आणि दात आत ढकलला जातो, तेव्हा समोरून काहीतरी वेगाने आलेले असते. हे कळायला पदवी लागत नाही, मावशींना ते पदवीशिवाय कळले. नवरा खुर्चीशेजारी मोबाइल हातात घेऊन उभा होता, 'किती वेळ लागेल' असे अधूनमधून विचारत होता, आणि मी तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होता. एक्स-रे काढताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचे असते. तो नियम किरणांसाठी केलेला आहे, पण त्या नियमानेच मला तिच्याशी एकटीने बोलायला मिनिटभर मिळवून दिले. सेन्सर तोंडात ठेवण्याआधी मी हळू आवाजात विचारले, "ताई, घरी कोणी हात उगारतं का?" तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "दात तेवढा बसवा, मॅडम. बाकीचं राहू द्या."

ते 'बाकीचं' आता माझे कोण लागते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही.

मार बहुतेक वेळा डोके, मान आणि चेहरा याच भागावर बसतो, असे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. त्याची साधी कारणे सांगता येतात: चेहरा समोर असतो, हाताच्या टप्प्यात असतो, कपड्याआड नसतो. इतक्या वर्षांनी मला आणखी एक कारण खरे वाटू लागले आहे. मारणाऱ्याला बोलणारे तोंड बंद करायचे असते. 'उलट बोलली', 'तोंड चालवत होती', 'तोंडाला लागली' ही वाक्ये मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्या सहजपणे ऐकली आहेत की त्यांत काही सांगितले जात आहे, हे सांगणाऱ्याच्या लक्षातही आलेले नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही आपली म्हण अनेक घरांत अक्षरशः खरी असते, आणि त्या तोंडाच्या आत डोकावण्याचा अधिकार ज्यांच्याकडे रोज आपणहून चालत येतो, असे आम्ही दंतवैद्य आहोत. रुग्ण आमच्यासमोर डोक्यावरचा दिवा सहन करत, मान मागे टाकून, जबडा उघडून पडलेला असतो. इतक्या जवळून आणि इतका वेळ दुसरा कोणता डॉक्टर चेहऱ्याकडे पाहत असेल, असे मला वाटत नाही.

पाहायचे ठरवले तर पुष्कळ दिसते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा फटका समोरच्या माणसाच्या डाव्या गालावर बसतो, म्हणून डाव्या बाजूच्या खुणा जास्त आढळतात. हनुवटीवर बसलेल्या ठोशाने कानापुढचा जबड्याचा सांधा मोडतो आणि बाई 'जांभई देता येत नाही' एवढीच तक्रार घेऊन येते. समोरचा एक दात राखाडी झालेला असतो. कधीतरी मार लागला, आतली नस हळूहळू मेली आणि तेव्हा दाखवायला कोणी आणले नाही, एवढा इतिहास त्या एका रंगात असतो. वयस्कर बाईची वरची कवळी मधोमध दुभंगते. 'हातातून पडली' हे कारण खरेही असू शकते, पण तीच कवळी पुन्हा तशीच दुभंगून आली तर कवळीपेक्षा बाईकडे अधिक पाहावे लागते. घसा बसलेला, गिळताना दुखणारा रुग्ण अक्कलदाढ समजून येतो आणि पदर किंवा ओढणी सरकली की गळ्यावर बोटांचे वळ दिसतात. ही खूण सर्वांत गंभीर. गळा आवळला गेलेल्या बाईच्या जिवाला पुढे धोका असतो, म्हणून दाढेचा विचार बाजूला ठेवून तिला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवे. टाळूच्या मागच्या भागावरचे रक्ताचे बारीक ठिपके कधी साध्या खोकल्याचे असतात आणि कधी अशा बळजबरीचे, की जिच्याविषयी ती बाई स्वतःच्या आईशीसुद्धा बोललेली नसते. यांतली कोणतीही खूण एकटी काही सिद्ध करत नाही. पायऱ्यांवरून माणसे खरोखरच पडतात, मुलाचे डोके आईच्या ओठावर आपटते, दुचाकीवरच्या खड्ड्याने दात जातात. निदान एवढेच करता येते की दिसणारी इजा आणि सांगितलेले कारण एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचे. हे ताडून पाहणे आमच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. दाढ का दुखते, हे आम्ही असेच शोधतो.

मला हे कुणी शिकवले नव्हते. बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, असताना मुखविकृतिशास्त्राच्या शेवटच्या प्रकरणांत न्यायवैद्यक दंतशास्त्र होते. जळालेल्या देहाची ओळख दातांवरून कशी पटवायची, वय कसे काढायचे, चाव्याच्या खुणेचा ठसा कसा घ्यायचा, हे सारे त्यात होते आणि परीक्षेला त्यावर टीप यायची. पुढे २०१२ च्या दिल्लीतील निर्भया प्रकरणात धारवाडचे दंतवैद्य डॉ. अशित आचार्य यांनी पीडितेच्या अंगावरील चाव्यांच्या खुणा आरोपींच्या दातांशी जुळवून पाहिल्या आणि ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा विचारात घेतला, तेव्हा आमच्या व्यवसायातल्या अनेकांना अभिमान वाटला. मलाही वाटला. चाव्याच्या खुणेवरून माणूस नेमका ओळखता येतो का, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, ते वेगळे. मला खटकते ते हे, की अभ्यासक्रमात दंतवैद्याची गरज पडते ती देह शवागारात पोचल्यावर. तीच बाई त्याआधी जिवंतपणी, एक हात गालावर ठेवून, ओपीडीच्या बाकावर बसलेली असते आणि तिला काय विचारायचे, याचा तास कोणत्याही सत्रात झाला नाही. शस्त्रक्रिया विभागातल्या रात्रपाळीत जबडे तारेने बांधताना आम्ही केसपेपरवर कारण एका शब्दात लिहीत असू: 'आरटीए', म्हणजे रस्त्यावरचा अपघात, किंवा 'फॉल', म्हणजे पडणे. तिसऱ्या कारणासाठी रकाना छापलेलाच नव्हता.

आणि कायद्याने मात्र दाताला केव्हाच जागा दिलेली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात 'गंभीर दुखापत' कशाला म्हणावे याची यादी होती, आणि तिच्यात डोळा जाणे, कान जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्याबरोबर हाड किंवा दात मोडणे अथवा जागेवरून निखळणे हेही नाव घेऊन लिहिलेले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ११६ झाला, दात तिथेच राहिला. जाणूनबुजून अशी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या भाषेत जे 'एक थप्पड लागली, दात हलला, त्यात काय एवढं' असते, ते कायद्याच्या भाषेत गंभीर असू शकते. आणि ते गंभीर आहे की साधे, याची पहिली नोंद एखाद्या तालुक्याच्या गावात, गाळ्यातल्या दवाखान्यात, स्केलिंग आणि फिलिंग यांच्या मधल्या वेळात कुणीतरी दंतवैद्य करत असतो. नुसता हलणारा दात आणि जागेवरून सरकलेला दात यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो. तो किती सरकला, कोणत्या बाजूला सरकला, एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची जागा कशी दिसते, आधीपासून हिरडीचा आजार होता का, हे त्या दिवशी लिहिले नाही तर नंतर कोणालाही लिहिता येत नाही. जखम भरते, दात बसतो, कॅप लागते. आमचे काम जितके चांगले, तितका पुरावा लवकर नाहीसा होतो.

त्या बाईच्या केसपेपरवर मी असे लिहिले होते: 'पतीने सांगितल्यानुसार बाथरूममध्ये घसरून पडल्या. रुग्णाने स्वतः कारण सांगितले नाही. तळवे, कोपरे, हनुवटी येथे इजा नाही. दिसणाऱ्या इजा व सांगितलेले कारण यांचा मेळ बसत नाही.' खाली दातांची तपशीलवार नोंद, ओठाच्या जखमेचे मोजमाप, तारीख, वेळ. नवऱ्याच्या हातात गेलेल्या चिठ्ठीवर फक्त गोळ्या आणि गुळण्यांचे औषध होते. सरकलेला दात जागेवर आणून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला की चार आठवडे तसा ठेवावा लागतो. तार काढायच्या दिवशी नवरा तिला दारात सोडून पेट्रोल भरायला गेला. मी तारेवरचे सिमेंट कापत असताना ती काही बोलू शकत नव्हती. चूळ भरून झाल्यावर तिने रुमालाने ओठ टिपला आणि एकदम विचारले, "त्या दिवशी कागदावर काय लिहिलंत?" मी फाइल काढून तिला सगळे वाचून दाखवले. ती लक्ष देऊन ऐकत होती. 'मेळ बसत नाही' या शब्दांशी तिने मान वर केली. "हा कागद इथंच राहतो ना?" मी म्हटले, "इथंच राहतो. तुम्हाला लागेल तेव्हा नक्कल मिळेल, तुम्हालाच मिळेल." "असू द्या मग," ती म्हणाली आणि पर्समधून कंगवा काढून केस नीट करू लागली.

दाताच्या माराची एक गोष्ट आमच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. तो एका भेटीत संपत नाही. नस उघडी पडली असेल तर रूट कॅनलच्या तीन-चार बैठका, मग कॅपसाठी माप, मग कॅप. सरकलेल्या दाताची तपासणी दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी करायची असते, कारण मूळ आतून विरघळू लागले तर ते बाहेरून कळत नाही. अपघात विभागातला डॉक्टर तिला एकदा पाहतो आणि बहुधा पुन्हा कधीच पाहत नाही. आमच्याकडे ती ठरलेल्या तारखांना येत राहते, आणि मुख्य म्हणजे घरी सांगण्यासारख्या कारणाने येते. पोलीस ठाण्यात जायला, वकिलाकडे जायला, माहेरी जायलासुद्धा तिला उत्तर द्यावे लागते. दात दुखतो म्हणून दवाखान्यात जाते, यावर सासूही काही म्हणत नाही. पहिल्या भेटीत 'राहू द्या' म्हणणाऱ्या बाईला विचार करायला, आमची पारख करायला, आपले बोलणे या भिंतींबाहेर जाते का हे पाहायला आमच्या उपचारांइतका सलग वेळ क्वचितच कुठे मिळत असेल. हा वेळ आम्ही हवापाण्याच्या गप्पांत घालवायचा की नाही, एवढेच आमच्या हातात आहे.

रुग्णालयाच्या दाराचे हे महत्त्व मुंबईत फार आधी ओळखले गेले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. मारहाणीने जखमी झालेल्या बाईला उपचारांबरोबर समुपदेशन आणि कायद्याची मदत त्याच इमारतीत मिळावी, आणि मुळात परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी तिला ओळखावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी कोणाची मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. दिवसभरात माझ्या खुर्चीत जितक्या विवाहित स्त्रिया बसतात, त्यांच्यावर हे आकडे ठेवून पाहिले की 'अशा केसेस आपल्याकडे येत नाहीत' असे म्हणणाऱ्या व्यवसायबंधूंशी काय बोलावे, ते सुचत नाही.

माझा एक मित्र जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. त्याचे मत अगदी सरळ आहे: गुन्हा दिसला की पोलिसांना कळवायचे, मग बाई काहीही म्हणो. ती घाबरलेली आहे, तिच्या वतीने कुणीतरी बोललेच पाहिजे, हा त्याचा मुद्दा मला तुच्छ मानता येत नाही. मोडलेला जबडा तिसऱ्यांदा बांधायला आला की त्याला जे वाटते, ते मला समजते. तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विषयावर जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ स्त्रीवर जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची पोलिसांकडे सक्तीची वर्दी देऊ नये, असेच म्हटले आहे. तिला तिच्या हक्कांची माहिती द्यावी, कळवायचे असेल तर साथ द्यावी, पण निर्णय तिचा. याचे कारण मला माझ्या गावात रोज दिसते. हवालदार घरी जातो, दोघांना बोलावून समजुतीचे चार शब्द सांगतो आणि रात्री ती त्याच घरात, त्याच माणसाबरोबर असते. दुसऱ्या दिवशी दातही दाखवायला ती येत नाही. शिवाय दवाखान्यात गेले की पोलीस येतात अशी बोलवा झाली, तर तिच्या आळीतल्या आणखी कितीजणी दुखणे अंगावर काढतील, त्यांची नोंद कुठेच होणार नाही. तिच्या आयुष्यात आधीच एक माणूस तिला न विचारता निर्णय घेतो. चांगल्या हेतूने का होईना, मला तसा दुसरा माणूस व्हायचे नाही.

कळवण्याचा दुसरा मार्ग कायद्यातच आहे आणि तो आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार, हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय सुविधांनी तर बाईने आधी कुठे तक्रार केलेली नसली तरी उपचार द्यायचे, घटनेचा अहवाल स्वतः भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची, असे नियम सांगतात. माझा दवाखाना त्या यादीत नाही, पण चौथे कलम मलाही लागू आहे. संरक्षण अधिकारी पोलीस नाही. राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, पोटगी यांसाठी तो तिचे म्हणणे न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत नेतो. तिने होकार दिला की त्याला फोन करणे ही माझ्या दृष्टीने एखाद्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी देण्याइतकी साधी गोष्ट आहे, आणि ती तशीच साधी व्हायला हवी.

जिथे निवडीला जागा नाही, अशीही प्रकरणे असतात. अ‍ॅसिडचा हल्ला किंवा बलात्कार असेल तर खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार करून लगेच पोलिसांना कळवावेच लागते. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे १९ वे कलम, पोलिसांना कळवण्यासाठी, प्रत्येक माणसाला बांधून घेते. माझी वर्गमैत्रीण बीड जिल्ह्यात दवाखाना चालवते. ऊसतोडीला निघण्यापूर्वी पोरींची लग्ने उरकण्याची तिकडची रीत तिला नवी नाही. एक सासू सुनेला घेऊन आली, वय एकोणीस सांगितले. खालची दाढ किडली होती. एक्स-रेमध्ये दुसऱ्या दाढेच्या मुळांची टोके अजून उघडी दिसत होती. ती टोके साधारण पंधरा-सोळाच्या सुमारास बंद होतात. गळ्यातल्या मंगळसूत्राने काहीही सांगितले तरी दात चौदाचे वय सांगत होते. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी केलेला संभोगही बलात्कारच ठरवला, त्यामुळे इथे 'त्यांचा घरगुती मामला' असा काही प्रश्नच राहिला नव्हता. मैत्रिणीने १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला. पुढे ते कुटुंब तिच्याकडे कधी आले नाही, वस्तीतले काही रुग्णही तुटले, आणि त्या मुलीचे काय झाले हे तिला आजतागायत कळलेले नाही. फोन करून बरे केले की नाही, असे तिने मला विचारले तेव्हा मी लगेच 'हो' म्हणाले. कायद्याने ते बरोबरच होते. तरी त्या 'हो'नंतर आम्ही दोघी बराच वेळ त्या मुलीच्या किडलेल्या दाढेविषयीच बोलत राहिलो, ती दाढ कुणी भरली असेल का, याविषयी.

हे फक्त गरिबांच्या घरात घडते, अशी समजूत शहरातल्या दवाखान्यांत आहे. पुण्यात माझ्या ओळखीची एक दंतवैद्य केवळ दात सुंदर करण्याची कामे करते. तिच्याकडे मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या बाया येतात, खर्चाची चौकशी न करता समोरच्या दातांना नवे आवरण चढवून घेतात आणि कडा का उडाल्या हे विचारले की 'झोपेत दात खाते' असे सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरेच असते. सततच्या भीतीनेही माणूस झोपेत दात खातो. त्यांच्याकडे पैसा असतो, इंग्रजी असते, गाडीची किल्ली असते, आणि तरी झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांना लहानपणापासून तितकेच पढवलेले असते.

विचारायचे कसे, हे शिकावे लागते. 'पडलात का?' असे विचारले की तिला नुसती मान हलवायची सोय होते. नवऱ्यासमोर, सासूसमोर, किंवा दुभाषी म्हणून उभ्या केलेल्या मुलासमोर काहीच विचारायचे नाही. मी असे म्हणते: "अशा जखमा मी मार लागलेल्या बायकांच्याही बघते, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुम्हाला कुणी मारतं का?" तिने नाही म्हटले तर मान्य करायचे, उलटतपासणी करायची नाही. हो म्हटले तर सर्वांत आधी एवढेच सांगायचे की यात तिची चूक नाही, आणि आज घरी जाणे धोक्याचे आहे का, हे विचारायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात खास दंतवैद्यांसाठी यावर एक पद्धत बसवली गेली: विचारा, तिच्या सांगण्याची दखल घ्या, नोंद करा, योग्य ठिकाणी पाठवा. तिला सोडवण्याची जबाबदारी त्यात दंतवैद्यावर टाकलेली नाही, आणि माझ्यासारख्या गावात राहणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार वाटतो. बारीकसारीक गोष्टींचे भान लागते. माहितीपत्रक हातात देऊ नये, ते पर्समध्ये सापडते. तिच्या मोबाइलवर निरोप पाठवू नये, तो दुसरा कुणी वाचतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तीन आकड्यांचा आहे, तो तोंडपाठ होतो. आमच्याकडे तो स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, त्याखाली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी केंद्राचा आणि संरक्षण अधिकाऱ्याचा क्रमांक आहे. दवाखान्याचे नूतनीकरण करताना मी सगळीकडे पारदर्शक काच लावायचा विचार सोडला आणि एका खोलीला दार ठेवले. सुताराने कारण विचारले नाही.

या वर्षी माझ्याकडे एक नवी मुलगी काम शिकायला लागली आहे. हात हलका आहे, रुग्णांशी गोड बोलते. तिला मी पहिल्याच आठवड्यात दाताच्या माराचा केसपेपर कसा लिहायचा ते दाखवले: कारण कोणी सांगितले ते वेगळे लिहायचे, रुग्णाचे शब्द तिच्याच भाषेत अवतरणात लिहायचे, जे दिसते ते लिहायचे, हात-कोपरे पाहिले असतील तर तेही लिहायचे, फोटो काढण्यापूर्वी तिला विचारायचे आणि विचारल्याची नोंद ठेवायची. मावशींनी बाजूला उभे राहून सगळे ऐकले आणि 'गळापण बघायचा' असे जोडले. त्या मुलीने वहीत लिहून घेतले आणि मग विचारले, "मॅम, आणि नवरा एक्स-रेच्या वेळीसुद्धा बाहेर जायला तयार नसेल तर?" तर त्या दिवशी तिला काहीच विचारायचे नाही, दात नीट करायचा आणि पुढची तारीख लवकरची द्यायची, असे मी तिला सांगितले.